जोगेंद्रनाथ मंडल ह्यांचा जीवनवृत्तांत

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव ठाऊक नाही, असा मनुष्य आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत शोधूनही सापडणार नाही. परंतु सन १९४६ साली, मुंबई इलाख्यातील निवडणुकीत त्यांच्या पक्षाचा पाडाव झाला असता, त्यांना घटना समितीत प्रथम पाठविले ते महाराष्ट्राने नव्हे, तर बंगालने, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. ज्या मनुष्याच्या खटपटीने ते घडून आले त्याचे नाव जोगेंद्रनाथ मंडल. पुढे सुमारे एका वर्षाने हा मनुष्य पाकिस्तानचा पहिला कायदेमंत्री झाला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी तेच मंत्रिपद टाकून, निर्वासितासारखा कलकत्त्यास परत आला. त्याला एका देशाने विश्वासघातकी म्हटले व दुसऱ्याने कधीही मनापासून आपला म्हटले नाही. धर्माच्या नावाने देशाची वाटणी झाली म्हणजे मागाहून गरिबाच्या वाट्याला काय येते, हे समजण्यास ह्या एका मनुष्याचे चरित्र पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

जोगेंद्रनाथांचा जन्म ता. २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालातील बारिसाल भागात, एका साध्या शेतकरी घराण्यात झाला. तो मुलूख नद्यांचा व खाड्यांचा आहे. पावसाळ्यात एका घरातून दुसऱ्या घरी जावयाचे तर होडीवाचून गत्यंतर नाही. भात आणि मासळी ह्यांवर सर्वांचा निर्वाह. त्यांची जात नमःशूद्र. पूर्वी सरकारी कागदांत ह्या लोकांस चांडाळ असे लिहीत असत. हे हीन नाव पुसून टाकण्यासाठी फरीदपूर जिल्ह्यातील ओराकांदी गावच्या गुरुचाँद ठाकूर ह्यांनी मोठी चळवळ केली, आणि सन १९११ च्या खानेसुमारीत नमःशूद्र हे नाव दाखल झाले. ह्या कामी, व ओराकांदीस शाळा उभारण्याच्या कामी, ऑस्ट्रेलियातील बाप्टिस्ट मिशनचे डॉक्टर मीड ह्यांनी गुरुचाँदांस मनःपूर्वक साहाय्य केले. गुरुचाँद ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी आपल्या वडिलांनी स्थापिलेला मतुआ पंथच पुढे चालविला. तथापि त्या शाळेचे दार उघडे राहिले. शाळेचा मोबदला म्हणून कोणाकडून धर्म मागावयाचा नसतो, हा धडा त्या वृत्तांतात आहे, आणि तो आम्हां मिशनच्या शाळांत शिकलेल्यांनी विसरू नये.

अशा जागृतीच्या काळात जोगेंद्रनाथ वाढले. बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून ते सन १९२९ साली बी. ए. झाले आणि पुढे कलकत्त्यास कायद्याचा अभ्यास करून वकील झाले. नमःशूद्राच्या पोराने काळा डगला घालून न्यायाधीशासमोर उभे राहावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सन १९३७ साली प्रांतिक कायदेमंडळाची निवडणूक झाली. पुणे कराराप्रमाणे बंगालात अस्पृश्यांसाठी ३० जागा राखून ठेविल्या होत्या. परंतु जोगेंद्रनाथ राखीव जागेवर उभे न राहता सर्वसाधारण जागेवर उभे राहिले, आणि काँग्रेसच्या एका नामांकित उच्चवर्णीय घराण्यातील उमेदवारास पाडून निवडून आले. उच्च जातीच्या मतदारांनीही त्यांस मते दिली होती. त्या वेळी ते मुसलमानांच्या पक्षात नव्हते, हे लक्षात ठेवावे. सुभाषचंद्र बोस व त्यांचे बंधू शरच्चंद्र ह्यांच्याविषयी त्यांच्या मनात आदर होता. मात्र काँग्रेसने सुभाषबाबूंस दूर केल्यावर त्यांचे मन त्या पक्षावरून उडाले.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील त्या निश्चयाकडे येतो, ज्याबद्दल आजही त्यांस दोष दिला जातो. मुस्लिम लीगशी त्यांनी सख्य का केले? पूर्व बंगालात जमीनदार, सावकार व वकील बहुतेक उच्चवर्णीय हिंदू. शेत कसणारे, होडी वल्हविणारे, मासळी धरणारे बहुतेक मुसलमान व नमःशूद्र. दोघांचे कर्ज एकाच सावकाराकडे, दोघांचा खंड एकाच जमीनदारास. तेव्हा कायदेमंडळात कर्जनिवारणाचा किंवा कुळांचा प्रश्न निघाला म्हणजे मुसलमान सभासद व नमःशूद्र सभासद ह्यांचे हित एक ठरे. जोगेंद्रनाथांनी हिशेब केला तो ह्या रोजच्या भाकरीवरून. सन १९४३ साली नाझिमुद्दीन ह्यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री झाले व त्यांच्याकडे सहकारी पतपेढ्या आणि ग्रामीण कर्ज हे खाते आले. त्याच वर्षी आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा त्यांनी स्थापिली. सन १९४६ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे बंगालात एकटे जोगेंद्रनाथच निवडून आले. तरीसुद्धा इतर सभासदांची मते मोठ्या प्रयासाने मिळवून त्यांनी आंबेडकरांस घटना समितीत पाठविले.

पुढे बंगालची फाळणी झाली तेव्हा आंबेडकरांची ती जागा गेली, आणि सन १९४७ च्या जुलैत बॅरिस्टर जयकर ह्यांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून त्यांची पुन्हा निवड झाली. अशा रीतीने एकाच पक्षाचे दोन पुढारी दोन शेजारी देशांचे पहिले कायदेमंत्री झाले. एक दिल्लीस, दुसरा कराचीस. दोघांचा उगम एकच, मार्ग मात्र निराळे. त्या दोन मार्गांचा शेवट काय झाला, हे पाहण्यासारखे आहे.

सन १९४६ च्या ऑगस्टच्या १६ तारखेस कलकत्त्यात भयंकर दंगा उसळला व हजारो माणसे मारली गेली. ऑक्टोबरात नोआखालीत हिंदूंवर अनर्थ ओढवला, त्यानंतर बिहारात मुसलमानांवर. त्या वेळी जोगेंद्रनाथ सुऱ्हावर्दी ह्यांच्या मंत्रिमंडळात होते. राजीनामा द्यावा असा त्यांच्यावर चहूंकडून दाब आला. विरोधकांनी त्यांस मुसलमानी नाव लावून हिणविले. त्यांनी राजीनामा दिला नाही. हा दोन वरच्या वर्गांचा झगडा आहे, त्यात गरीब नमःशूद्राने शेजारच्या गरीब मुसलमानाच्या रक्ताने हात माखून घेऊ नयेत, असे ते गावोगाव सांगत फिरले. त्याच महिन्यात लीगने दिल्लीतील हंगामी सरकारात त्यांस आपल्या वतीने पाठविले, आणि त्यांच्याकडे कायदेखाते आले. बंगालची वाटणी होऊ नये असेच त्यांचे मत होते. कारण वाटणी झाली तर आपले बहुतेक लोक पूर्वेकडे अल्पसंख्य होऊन पडतील, हे त्यांस दिसत होते. परंतु ता. २० जून १९४७ रोजी बंगालच्या कायदेमंडळात वाटणीचा निर्णय झाला, आणि त्यांचे गाव, त्यांचे मतदार व त्यांचे भाऊबंद पाकिस्तानात गेले. मग आपल्या लोकांस सोडून आपण पलीकडे जावे, की त्यांच्याबरोबर राहावे? ते राहिले.

ता. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानची घटना समिती प्रथम भरली, तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्षपद नमःशूद्र जोगेंद्रनाथांस देण्यात आले. दुसऱ्या दिवशी जिना ह्यांनी अध्यक्ष ह्या नात्याने भाषण केले, व मनुष्य कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, राज्यकारभाराला त्याच्याशी कर्तव्य नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. जोगेंद्रनाथांनी त्यावर विश्वास ठेविला. आम्ही त्यांस भोळे म्हणावे काय? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कोणी सभेच्या दारातही उभे केले नाही, त्याला मुख्य खुर्चीवर बसविले, तर त्याच्या मनात आशा उत्पन्न होणे हा अपराध नव्हे. परंतु ते वचन एका मनुष्याचे होते, आणि तो मनुष्य क्षयाने ग्रस्त होता. ता. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना वारले. सन १९४९ च्या मार्च महिन्यात घटनेच्या ध्येयांचा ठराव मांडला गेला, त्यात राज्याचा पाया इस्लामवर ठेविला गेला. अल्पसंख्य सभासदांनी सुचविलेल्या दुरुस्त्या एकामागून एक नामंजूर झाल्या.

फाळणीने एकंदर केवढा अनर्थ केला, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. दोन्ही देशांतून मिळून एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे घरादारास मुकली. सन १९५१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात सुमारे ७३ लाख व पाकिस्तानात सुमारे ७२ लाख निर्वासित मोजले गेले. मेलेल्यांची मोजदाद कोणी ठेविलीच नाही; कोणी दोन लाख म्हणतात, कोणी दहा लाख, कोणी त्याहून अधिक. पंजाबात हा प्रलय काही महिन्यांतच येऊन गेला. तेथील आमचे गरीब ख्रिस्ती बंधू बहुतेक बिनजमिनीचे शेतमजूर होते. ज्यांच्या शेतावर ते राबत ते शीख जमीनदार पळून गेले आणि त्या जमिनी नव्या निर्वासितांस मिळाल्या; तेव्हा कोणी न हाकलताही आमच्या पुष्कळ कुटुंबांच्या तोंडचा घास गेला. कराचीतील अस्पृश्य झाडूवाल्यांची स्थिती तर आणखी विलक्षण होती. त्यांचे काम आवश्यक सेवा ठरवून त्यांच्या जाण्यास अटकाव करण्यात आला. इतरांस राहू देत नाहीत, ह्यांस जाऊ देत नाहीत! सन १९४७ च्या अखेरीस आंबेडकरांनी पाकिस्तानातील अस्पृश्यांस हिंदुस्थानात निघून येण्याचा जाहीर सल्ला दिला. त्याच वेळी त्यांचे मित्र मात्र कराचीत मंत्री होते.

बंगालात पूर एकदम न येता वर्षानुवर्षे पाणी चढत गेले. ज्यांची कलकत्त्यास घरे, नोकऱ्या किंवा सोयरीक होती, असे जमीनदार, वकील, शिक्षक व डॉक्टर प्रथम निघून गेले. नमःशूद्र शेतकरी कोठे जाणार? जमीन पाठीवर बांधून नेता येत नाही. आणि ज्या हिशेबावर जोगेंद्रनाथांनी आपले सर्व जीवित टाकिले होते, तो हिशेब येथेच मोडला. हिंदू जमीनदार होता तोपर्यंत मुसलमान कूळ आणि नमःशूद्र कूळ ह्यांचा शत्रू एक होता. जमीनदार गेला, मागे राहिलेल्या नमःशूद्राच्या अंगावर त्याचा केवळ धर्म उरला. काल जो सोबती होता, त्याच्या दृष्टीने तो आज परक्या देशाचा मनुष्य ठरला.

ता. २० डिसेंबर १९४९ रोजी खुलना जिल्ह्यातील कालशिरा ह्या नमःशूद्रांच्या गावी पोलीस कम्युनिस्टांच्या शोधार्थ गेले असता चकमक होऊन एक शिपाई मारला गेला. त्याचा सूड म्हणून त्या गावावर व आसपासच्या गावांवर पोलीस आणि अन्सार नावाचे स्वयंसेवक तुटून पडले. घरे लुटली, स्त्रियांची विटंबना झाली, हजारो लोक सीमेकडे धावले. सन १९५० च्या फेब्रुवारीत ढाक्यात दंगा पेटला व तेथून बारिसालपर्यंत, म्हणजे जोगेंद्रनाथांच्या स्वतःच्या जिल्ह्यापर्यंत, पसरला. येथे सत्य अर्धे सांगू नये. त्याच दिवसांत कलकत्ता व हावडा येथे मुसलमानांचीही हत्या झाली, त्यांच्या वस्त्या जळाल्या, आणि तेही लाखांनी पूर्वेकडे पळाले. प्रत्येक बाजूचे लोक दुसऱ्या बाजूच्या पापाकडे बोट दाखवून आपले पाप झाकीत होते.

जोगेंद्रनाथ मंत्री असताही त्या प्रदेशात स्वतः फिरले. ज्या घाटांवर ते लहानपणी होडीतून उतरले, तेथे त्यांस जळालेली घरे व रिकामी गावे दिसली. ज्यांनी त्यांच्या शब्दावर पाकिस्तानात राहण्याचे ठरविले होते, त्यांच्या विधवा त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्या दौऱ्यावरून त्यांनी स्वतः पूर्व बंगालातील मृतांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास केला. ता. ८ एप्रिल रोजी नेहरू व लियाकत अली खान ह्यांच्यात अल्पसंख्याकांच्या रक्षणाचा करार झाला. जोगेंद्रनाथांनी काही महिने वाट पाहिली; कराराचा कागद खेड्यापर्यंत पोहोचत नाही अशी त्यांची खात्री झाली. मग ते कलकत्त्यास आले, आणि ता. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी लियाकत अलींस आपला राजीनामा लिहून पाठविला.

ते पत्र फार दीर्घ आहे. आपण लीगशी सहकार्य का केले, कोणती वचने मिळाली, कोणती मोडली, कोणत्या गावी काय घडले, हे त्यांनी वकिलाच्या पद्धतीने क्रमवार लिहिले. मंत्रिमंडळात आपल्या तक्रारींना उत्तर मिळत नाही, आणि आपण खुर्चीवर बसून राहिल्याने जगाची मात्र समजूत होते की अल्पसंख्य सुखी आहेत, हे त्यांस असह्य झाले. आम्हांस ह्या पत्रातील विशेष गोष्ट ही वाटते की, त्यांनी आपली चूक दुसऱ्यावर ढकलून स्वतःस निर्दोष ठरविले नाही. आपल्या लोकांस खोटी आशा दाखविण्यास आपण साधन झालो, ह्याची जाणीव त्या पत्रात स्पष्ट दिसते. ज्याच्या हाती अधिकार आहे अशा मनुष्याने आपला अंदाज चुकला हे जाहीरपणे लिहून देणे फार दुर्मिळ आहे. आमच्या मंडळ्यांच्या पंचांत, आणि आम्हां पाळकांतसुद्धा, असे धैर्य किती जणांस होते?

ह्यानंतर जोगेंद्रनाथ अठरा वर्षे जगले. पाकिस्तानात त्यांस विश्वासघातकी म्हणण्यात आले. हिंदुस्थानात, ज्या नमःशूद्रांसाठी त्यांनी सर्वस्व वेचले त्यांच्यातीलही कित्येक, आमची ही दशा तुमच्यामुळे झाली, असे म्हणत. त्यांनी पुन्हा पुन्हा निवडणुका लढविल्या. एकदाही यश आले नाही. तरीही सियालदह स्टेशनाच्या फलाटावर व छावण्यांत पडलेल्या निर्वासितांची बाजू त्यांनी सोडली नाही. सरकारने सन १९५८ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांस दंडकारण्यात, म्हणजे बस्तर व ओरिसातील कोरड्या डोंगराळ अरण्यात, वसविण्याचा बेत केला. नदीकाठच्या भात पिकविणाऱ्यांस खडकाळ रानात नेऊ नये, त्यांस बंगालातच जागा द्यावी, म्हणून जी चळवळ झाली तीत जोगेंद्रनाथ पुढे होते. बेत बदलला नाही. त्या निर्वासितांपैकी काही कुटुंबे आपल्या महाराष्ट्रातही, आज जो गडचिरोली जिल्हा आहे तेथील चामोर्शी व मुलचेरा भागांत, वसविली गेली. त्या बाजूस जाणाऱ्या वाचकास रानातील वस्तीवर बंगाली बोलणारी माणसे, भाताची खाचरे व मासळीची तळी आढळली, तर त्याने जाणावे की ती माणसे ह्याच गोष्टीतली आहेत.

ता. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे जोगेंद्रनाथ वारले. हे गाव सीमेच्या अगदी जवळ आहे; पलीकडे जशोर, त्याच्या पलीकडे खुलना व बारिसाल. ते चौसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर तीन वर्षांनी, सन १९७१ साली, पूर्व पाकिस्तान स्वतःच फुटून बांगलादेश झाला, तेव्हा पुन्हा लाखो माणसे तीच सीमा ओलांडून आली. धर्म एक असला म्हणजे राष्ट्र एक राहते, हा सिद्धांत चोवीस वर्षांतच त्याच मुलखात खोटा ठरला.

आता आम्ही ह्या चरित्रावरून काय घ्यावे? काही म्हणतील, ह्याने मुसलमानांवर विश्वास ठेविला ही चूक. आम्हांस तसे वाटत नाही. शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे ही चूक असेल, तर मग गावात राहणेच अशक्य होईल. त्यांची चूक निराळी होती. मोठ्यांनी दिलेले वचन हे मोठ्यांच्या आयुष्याइतकेच टिकते, ते कायद्याच्या कागदावर उतरले पाहिजे, आणि कागदावरचे गावच्या पोलीसचौकीपर्यंत पोहोचले पाहिजे, हे त्यांस उशिरा कळले. दिल्लीत राहिलेल्या त्यांच्या मित्राने हीच गोष्ट ओळखून अस्पृश्यतानिवारण घटनेच्या कलमात लिहवून घेतले. तरी ते कलमसुद्धा किती पाणवठ्यांपर्यंत पोहोचले आहे, हे आमच्या खेड्यांतील वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. आम्हीही ह्या देशात थोडे आहो. थोड्यांना दोन मोह होतात: एक, कोणातरी बलवानाच्या आश्रयाखाली जाऊन निश्चिंत होण्याचा, दुसरा, आपल्यापेक्षा दुर्बळ दिसेल त्याचा कैवार न घेण्याचा. जोगेंद्रनाथ पहिल्या मोहात पडले, दुसऱ्यात नाही. मंत्रिपद, घर, मान ही सर्व गेली तरी निर्वासितांच्या छावणीचा रस्ता त्यांनी सोडला नाही. ज्याचा अंदाज चुकला त्याचे नाव लोक उपहासाने घेतात; परंतु चुकल्यावर जो आपल्या माणसांकडे परत आला व मरेपर्यंत त्यांच्यातच राहिला, त्याचे नाव आम्ही आदराने घेतो. आपल्या गावी कोणी परगावाहून, परप्रांताहून, घरदार गमावून आला, तर त्याची जात व धर्म विचारण्यापूर्वी त्यास पाणी विचारावे. एवढे झाले तरी ह्या चरित्राचे वाचन व्यर्थ गेले नाही, असे आम्ही समजू.